उपवाणिज्यदूत आणि डिंडोलीचा सरळ टाका

मुंबईतल्या एका परदेशी वकिलातीत मी तेवीस वर्षं नोकरी करते आहे. या तेवीस वर्षांत माझ्या टेबलावरून किती माणसं विमानात बसून गेली याची मोजदाद नाही. आमच्या नातेवाइकांची तर खात्रीच आहे, की वंदना म्हणजे आज इथं नि उद्या कुठल्या तरी बर्फात. मी तो गैरसमज कधी दूर केला नाही. पण आता सांगूनच टाकते: तेवीस वर्षांत वकिलातीनं मला कामासाठी बाहेरगावी एकदाच पाठवलं, आणि तेही सुरतेला.

वकिलात कुठल्या देशाची ते सांगायची मला मनाई आहे. देश थंड आहे, नीटनेटका आहे आणि तिथली सगळी जनता आमच्या ठाण्यात सहज मावेल, एवढं पुरे. माझं पद 'स्थानिक कर्मचारी' असं आहे. म्हणजे साहेब दर तीन वर्षांनी बदलतात आणि आम्ही छताच्या पंख्यासारखे तिथंच. मी कागदपत्रांचा त्यांच्या भाषेत अनुवाद करते. मग मूळ कागद, अनुवाद आणि माझं शपथपत्र एकावर एक ठेवून, दाभणानं भोकं पाडून, त्या देशाच्या निळ्या-पांढऱ्या दोऱ्यानं ती चळत शिवते. दोऱ्याची टोकं लाखेखाली दाबली, की वर शिक्का. हा दोरा एकदा का तुटला, की अख्खा संच रद्द. देश कितीही पुढारलेला असो, तिथं विश्वास अजून दोऱ्यावरच आहे.

तर सुरतेहून अर्ज फार येतात म्हणून वकिलातीनं तिथं दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं ठरवलं. निघालो आम्ही तिघं. मी; गाडी चालवणारे सलीमभाई, ज्यांनी माझ्याहून जास्त साहेब पाहिलेत; आणि उपवाणिज्यदूत योनास. हे पद उच्चारेपर्यंत माणूस खोलीत येऊन कॉफी पिऊन परत जातो, म्हणून आम्ही त्याला नुसतं योनास म्हणतो. त्याच्या देशात सगळे सगळ्यांना नावानंच हाक मारतात. वय एकतीस, उंची दाराच्या चौकटीला शिकवण देणारी, आणि पहिलीच नेमणूक. नियमपुस्तिका त्याला आपल्याला पाढे येतात तशी येते.

सोमवार, सुरत: पेटीची खुर्ची

शिक्का एका लोखंडी पेटीत असतो आणि पेटी क्षणभरही एकटी सोडायची नाही असा नियम आहे. त्यामुळे आमच्या प्रवासात माणसं तीन आणि प्रवासी चार. दुपारी रिंग रोडजवळ लोचो खायला उतरलो, तर पेटीही उतरली. दुकानात गर्दी, टेबलाला खुर्च्या चार. पेटी चौथीवर बसली.

लोचो म्हणजे आपल्या ढोकळ्यानं अंग सैल सोडून दिलं तर जे होईल ते. वाफाळता, लुसलुशीत, वर तेल, कांदा आणि शेव. ढोकळ्याला शिस्त असते, तो चौकोनात उभा राहतो. लोचो बशीत पसरतो नि म्हणतो, बघू काय करायचं ते. मला वाटतं, सुरतेचा स्वभाव तिथंच कळतो.

दुकानदारानं चार बश्या आणल्या. मी म्हटलं, तीनच हव्यात. तो पेटीकडे बघत म्हणाला, "तो आ बेन नथी खातां?" मग या बाई नाही खात?

योनासनं विचारलं, तो काय म्हणतोय? मी सांगितलं, पेटीचा उपास आहे का असं विचारतोय. योनास विचारात पडला. मग अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "त्याला सांग, ती सरकारी मालमत्ता आहे." मी सांगितलं. दुकानदारानं चौथी बशी परत नेली नाही. सलीमभाईंनी सरकारी मालमत्तेच्या वतीनं ती संपवली.

संध्याकाळी तापीच्या काठी पोंक खाल्ला. आपला हुरडाच तो, पण सुरतेत येऊन सुधारलेला. आपण हुरडा शेतात मांडी घालून, धुरात डोळे चोळत खातो. इथं तो स्टीलच्या बशीत येतो, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव नि साखरेच्या गोळ्या. योनासनं विचारलं, हे धान्य कच्चं का खायचं? मी म्हटलं, पिकायची वाट बघायचा धीर नाही म्हणून. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. या मुलाच्या वहीत माझी अशी बरीच विधानं आहेत, आणि कधीतरी ती त्याच्या राजधानीत वाचली जातील या कल्पनेनं मी रात्री सुखानं झोपते.

मंगळवार सकाळ: राष्ट्राध्यक्षबाईंना हार

शिबिरासाठी एका व्यापारी मंडळाचं सभागृह मिळालं होतं. जिथं वकिलातीचं काम चालतं तिथं त्या देशाचा झेंडा आणि राष्ट्राध्यक्षांची तसबीर हवी, हाही नियम. झेंडा टेबलावरचा, वीतभर. तसबीर मात्र चांगली मोठी. ती आम्ही चादरीत गुंडाळून मुंबईहून आणली. राष्ट्राध्यक्ष म्हणजे एक हसऱ्या, पिकल्या केसांच्या बाई आहेत. योनासनं स्वतः खुर्चीवर चढून तसबीर भिंतीवर टांगली आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

परत आलो तर सभागृहाच्या रखवालदारकाकांनी तसबिरीला चंदनाचा हार घातला होता. खाली दोन उदबत्त्या. काका हात जोडून उभे. शेजारच्या भिंतीवर मंडळाच्या संस्थापकांचे हारवाले फोटो ओळीनं होतेच. काकांना वाटलं, ही नवी भर.

"बहु सारां बेन हतां," काका हळहळून म्हणाले. फार चांगल्या बाई होत्या.

बाई ठणठणीत आहेत हो, रोज सायकल चालवतात. पण मी बोलायच्या आत योनासचा चेहरा उजळला. "वंदना, किती अगत्य आहे यांचं!" आणि त्यानं फोटो काढून थेट राजधानीला पाठवला. जिवंत माणसाच्या तसबिरीला आपल्याकडे हार घालत नाहीत हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. राजधानीतून कौतुकाचं उत्तर आलंय म्हणे. आता सांगायचं कसं?

मग रांग सुरू झाली. योनासचा नेहमीचा प्रश्न असतो, तुम्ही परत येणार याचा पुरावा काय? मुंबईत लोक घराची कागदपत्रं, पगाराच्या पावत्या, आईचं आजारपण पुढे करतात. एका सुरती गृहस्थांना मी तो प्रश्न गुजरातीत सांगितला, तर ते प्रामाणिकपणे चकित झाले. "पाछा ना आवीए तो खाईए शुं?" परत नाही आलो तर खायचं काय? मी भाषांतर केलं. योनासनं स्वतःच्या देशातलं जेवण आठवलं असावं, कारण त्यानं लगेच सही केली. पुढच्या काकूंनी उलट त्यालाच विचारलं, साहेबांचं लग्न झालंय का, आणि 'नाही' ऐकल्यावर माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं जणू तो निष्काळजीपणा माझा.

साडेअकराला पल्लवी आली.

तिला मी ओळखत होते. दिवाळीच्या सुमारास ती मुंबईला येऊन गेली होती. सुरतेच्या डिंडोली भागातली मुलगी, वडील सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड गिरणीत पाळीवर, घर मूळचं धुळ्याकडचं. नर्सिंग शिकलेली. आमच्या त्या थंड देशातल्या एका इस्पितळानं तिला नोकरी दिली होती आणि तिचा चौदा पानांचा संच मीच शिवला होता. आज त्यावर योनासची शेवटची सही नि शिक्का, की मोकळी. महिनाअखेर संच इस्पितळात पोचला नाही तर जागा दुसरीला जाणार होती, तसं पत्रच होतं तिच्याजवळ. मुंबईच्या कचेरीत दोन महिने वेळ मिळत नाही आणि पुढचं शिबिर पावसाळ्यानंतर. म्हणजे आज.

सोबत आई होती, रत्नाबाई. सुरतेनं त्यांची रत्नाबेन केलेली. ठेंगण्या, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि ब्लाउजला छातीशी चार सुया टोचलेल्या. घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम करतात.

योनासनं संच हातात घेतला. पानं चाळली. कडेची शिवण बघितली. पुन्हा बघितली. मग खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली.

"वंदना, ही तुझी शिवण नाही."

"माझीच आहे."

"नाही," योनास म्हणाला. "ही सरळ आहे."

एखाद्या बाईचा अपमान इतक्या सभ्यपणे कुणी केला नसेल. पण मी वाकून पाहिलं, आणि खरंच. माझा टाका म्हणजे घाटातला रस्ता. हे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे. लाख जागच्या जागी, शिक्का शाबूत. फक्त निळा दोरा आमच्या निळ्याहून किंचित जास्त निळा होता. जास्त सुंदर, खरं तर.

"पल्लवी," मी म्हटलं, "हे उसवलं होतं का?"

पल्लवी गोंधळून आईकडे बघायला लागली. रत्नाबाईंच्या चेहऱ्यावर मात्र, कुणीतरी शेवटी आपलं काम पाहिलं, असा आनंद.

"मीच उसवं, मीच शिवं," त्या अहिराणीत म्हणाल्या. "तुमनी शिलाई कच्ची व्हती."

"मम्मी, चूप बेस ने!" पल्लवी पुटपुटली.

झालं होतं ते असं. इस्पितळानं सगळ्या पानांच्या नकला मागवल्या. झेरॉक्सवाला म्हणाला, शिवलेलं पान सपाट बसत नाही, कडेचं अक्षर जातं. पल्लवी तेव्हा ड्युटीवर. रत्नाबाईंनी सुईनं टाके उसवले, नकला काढल्या, नि घरातला निळा-पांढरा रेशमी दोरा पिळून त्याच भोकांतून संच परत शिवला. लाखेखालची दोन टोकं तशीच ठेवून आत नवा दोरा असा जोडला, की जोड दिसू नये. ज्या घरात रोज पन्नास साड्या उसवल्या-शिवल्या जातात तिथं यात सांगण्यासारखं काय होतं? त्यांनी लेकीलाही सांगितलं नाही. इस्त्री केली तर कुणी सांगतं का?

योनासनं संच टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरकला. "रद्द," तो म्हणाला. त्याला स्वतःलाही ते आवडलं नव्हतं हे दिसत होतं. "नवा अर्ज. मुंबईत."

पल्लवीनं वाद घातला नाही, रडली नाही. नर्सेस असतात तशी सरळ उभी राहिली आणि मला हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मम्मीला आत्ता काय सांगू नका हां. तिला वाटेल तिनं केलं."

"तो काय म्हनस?" रत्नाबाईंनी मला विचारलं. तो काय म्हणतोय? त्या अजून कौतुकाची वाट बघत होत्या.

मी अनुवादक आहे. दोन भाषांच्या मधे उभं राहून खरं सांगणं हे माझं काम. पण मधे उभं राहिल्यावर थोडी धावपळही करता येते. मी योनासला म्हटलं, "पुस्तिकेत एक कलम आहे. संशयित कागद रद्द करण्याआधी अधिकाऱ्यानं शक्य तर जागेवर जाऊन पाहणी करावी."

"ते कलम दुर्गम मासेमार वस्त्यांसाठी आहे."

"वस्त्यांचं नाव लिहिलंय का?"

योनासनं फोनवर पुस्तिका उघडली. नाव लिहिलेलं नव्हतं. नियम पाळणाऱ्या माणसाचं हेच बरं असतं, त्याला नियमानंच हलवता येतं.

मी रत्नाबाईंना सांगितलं, "साहेब तुमचं काम बघायला घरी येताहेत." यातला शब्द न् शब्द खरा होता.

मंगळवार संध्याकाळ, डिंडोली: नवव्या पानावरचं वर्तुळ

डिंडोलीत शिरलं की कान एकदम घरी येतात. दुकानांच्या पाट्या गुजराती, भाव हिंदीत, आणि ओट्यावरची भांडणं खानदेशातली. पोरं खेळताना तिन्ही भाषा वापरतात. आउट झाल्यावर नाकबूल करायला बहुतेक गुजराती.

रत्नाबाईंचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत. मधल्या वाटेनं आत जायचं. योनास त्या वाटेनं तिरका होऊन गेला, तरी त्याच्या खांद्याला एक गुलाबी पदर अडकून आलाच. पल्लवीचे वडील पाळीवर गेले होते. सलीमभाई पेटी मांडीवर घेऊन दारात बसले, शेजारच्या बायकांनी पेटीत साहेबांचं काय आहे म्हणून विचारल्यावर म्हणाले, "इज्जत."

योनासनं पाहणी सुरू केली. माझ्याकडे नमुन्यासाठी शिवलेला कोऱ्या कागदांचा एक संच असतो. तो रत्नाबाईंपुढे ठेवून योनास म्हणाला, हा उघडा आणि बंद करा. रत्नाबाईंनी ब्लाउजवरची एक सुई काढली. त्यांचे हात चालू झाले नि तोंडही. माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "ताई, तुमी दोरा वल्ला करी लेतस का?" दोरा ओला करून घेता का?

"नाही."

"तरीच."

दहा मिनिटांत संच जसाच्या तसा. योनासनं भिंग काढलं. जोड शोधला. नाही सापडला. पुन्हा शोधला. मग तो माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"वंदना, हे तर जास्त वाईट झालं. जोड दिसतच नाही. म्हणजे मधलं एखादं पान बदललं असेल तरी मला कळणार नाही. मी सही कशी करू?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी त्याला इथं आणलं ते हात बघून विरघळेल म्हणून. आणि ते हात इतके चांगले निघाले की मुलीचं नुकसानच झालं. पल्लवी आतून पाणी घेऊन येत होती, ती ऐकून थांबली. तिला इंग्रजी सगळं कळत होतं. तिनं पाण्याचा तांब्या जमिनीवर ठेवला नि साड्यांच्या गठ्ठ्याला टेकली.

"काय व्हयनं?" रत्नाबाई म्हणाल्या. काय झालं? आता त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग संचाकडे, मग स्वतःच्या हातातल्या सुईकडे. हळूच म्हणाल्या, "मनामुळे का?" माझ्यामुळे का?



आता मला एक गोष्ट सांगणं भाग होतं. ती मी कुणालाच सांगणार नव्हते. शिवलेल्या प्रत्येक संचाची प्रत आमच्या संगणकात असते. मी लॅपटॉप उघडला, पल्लवीचा संच काढला नि नववं पान योनासपुढे धरलं. शेजारी रत्नाबाईंनी शिवलेल्या संचाचं नववं पान.

"हे काय आहे?" योनासनं विचारलं. दोन्हीकडे, खालच्या उजव्या कोपऱ्यात, फिकट तपकिरी, पूर्ण गोल नाही असं एक वर्तुळ होतं.

"चहा," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"माझा. कप ठेवला होता. पुसलं, पण राहिलं. तुला दिसलं नाही तेव्हा मी बोलले नाही." मग धीर गोळा करून पुढचंही सांगितलं. "आणि अकराव्या पानावरचं अर्ध वर्तुळ तेच आहे. आणि तिसऱ्यावर बोटाचा ठसा आहे, तो चिवड्याचा. असं पान दुसऱ्या कुणाला बनवता येणार नाही, योनास. सगळी पानं बघ, सगळीकडे मी आहे."

त्यानं बघितली. चौदाच्या चौदा, एकेक, संगणकातल्या प्रतीशी लावून. वर्तुळं जुळली. चिवडा जुळला. दोन पानांवर मलाही आठवत नव्हते असे डाग निघाले, तेही जुळले. त्याच्या देशात अशा गोष्टीसाठी माणसाला लेखी समज मिळते. योनासनं भिंग मिटलं, वही काढली आणि मोठ्यानं म्हणत अहवाल लिहिला: "संच उघडला होता. बदललेला नाही. पुन्हा शिवण्यास हरकत नाही. उद्या बारापर्यंत, शिबिर संपायच्या आत." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझं टेबल चहापासून लांब हलवू का? की चहा टेबलापासून?"

"टेबल हलव," मी म्हटलं.

पल्लवीनं आईला अहिराणीत भराभर सांगितलं.  रत्नाबाईंनी पदरानं एकदा तोंड पुसलं, नि म्हणाल्या, "जेवाले बठा."

बसलो. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि कडेला हिरव्या मिरचीचा ठेचा. योनासला मी सावध करणार होते, पण रत्नाबाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. त्यानं ठेच्याचा घास घेतला. थोडा वेळ तो भिंतीवरच्या घड्याळाकडे फार लक्षपूर्वक बघत राहिला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आणि तो भाकरीकडे हात करून म्हणाला, "आणखी." रत्नाबाईंनी तिसरी भाकरी वाढली. त्यांच्या लेखी त्या क्षणी सही झालीच होती.

बुधवार, सभागृह: शपथ

सकाळी दहाला मी दाभण घेऊन बसले. जुना दोरा काढून टाकला, नवा अधिकृत दोरा घेतला. ओला करून, हो. चार टाके घातले. योनास शेजारी येऊन उभा राहिला.

"नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"हे." त्यानं माझ्या टाक्यांकडे असं पाहिलं, जणू ते त्याला काल रात्रीपासून छळत होते. दोन वर्षं हा माणूस माझ्या शिवणीवर मुकाट सह्या करत आला, आणि एका संध्याकाळात त्याची नजर बिघडली! "वंदना, मी हे पाठवू शकत नाही. आता नाही."

"मग कोण शिवणार? नियम आहे, वकिलातीनं शपथ दिलेल्या माणसानंच शिवायचं."

 भिंतीवर हार घातलेल्या राष्ट्राध्यक्षबाई हसत होत्या. मग योनास रत्नाबाईंकडे वळला. त्या बाकावर लेकीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"शपथ देता येईल," तो म्हणाला.

आमच्याकडे शिवणकामाची शपथ नाही. अनुवादकाची आहे. ती योनासनं उभ्या उभ्या शिवणीला बेतली. त्यानं त्याच्या भाषेत म्हटली, मी मराठीत, आणि पल्लवीनं आईसाठी अहिराणीत. रत्नाबाई झेंड्यापुढे उजवा हात वर करून उभ्या. मी जे शिवीन ते प्रामाणिकपणे शिवीन. त्यात माझ्याकडून काही भर घालणार नाही. त्यातून काही गाळणार नाही.

रत्नाबाई तिथं थांबल्या. "आन एखादा टाका जास्ती लागना तर?"

पल्लवीनं कपाळाला हात लावला. मी अनुवाद केला. योनासनं मान खाली घालून खरंच विचार केला, आणि शपथेत दुरुस्ती सुचवली: गरजेपुरता एक टाका जास्त चालेल. रत्नाबाईंनी समाधानानं हात खाली घेतला.

मग त्या शिवायला बसल्या. माझं दाभण त्यांनी बाजूला सारलं, स्वतःची सुई घेतली. सभागृहात वीसेक माणसं रांगेत होती, ती माना वर करून बघत होती. रखवालदारकाकाही बघायला आले. टाका, टाका, टाका. चौदा पानं, त्यांतच मूळ पदवी आणि माझं शपथपत्र. शेवटच्या भोकाशी आल्यावर रत्नाबाईंची सुई थांबली. गाठ मारायची बाकी होती. त्या दोरा बोटात धरून बसून राहिल्या. थोडा वेळ, मग आणखी थोडा. पल्लवी त्यांच्या पाठीमागं उभी होती. तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला नाही, फक्त थोडी जवळ सरकली.

घड्याळात अकरा वाजून गेले होते. एरवी योनास सतत वेळेची आठवण करून देतो. त्यानं नाही दिली. त्यानं कात्री पुढे केली होती, ती तशीच धरून उभा राहिला.

रत्नाबाईंनी गाठ मारली. कात्री घेतली नाही. दोरा दातानंच तोडला. योनासनं लाख ओतली, शिक्का दाबला, सही केली, आणि संच दोन्ही हातांनी पल्लवीला दिला. रांगेतल्या एका काकूंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

"आते उसवू नका कोनी," रत्नाबाई म्हणाल्या. आता कुणी उसवू नका. त्यांनी सुई पुन्हा ब्लाउजला टोचली.

पल्लवीला हसू फुटलं. डोळे भरलेले होते, तरी चिडवायची संधी तिनं सोडली नाही. "आणि मम्मी, तिथल्या इस्पितळात पण पानं सुटी करून मागितली तर?"

"मग माले बलाव," रत्नाबाई म्हणाल्या. "सुई लिसन येसू."

मग मला बोलव. सुई घेऊन येईन.

"काय म्हणतात त्या?" योनासनं विचारलं.

मी संच बघितला, आई बघितली, लेक बघितली. शपथ मीही घेतलेली आहे: भर घालायची नाही, काही गाळायचं नाही.

"विचारतायत," मी म्हटलं, "की त्यांच्या स्वतःच्या व्हिसाला काय काय कागद लागतील."

योनासनं खुर्ची ओढली, कोरा अर्ज काढला आणि पहिल्या रकान्यासाठी नाव विचारलं.